बातमीत माणसाचं नाव कधी येतं आणि त्याच्या समाजाचं कधी?

कोरी पाटी:

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

ऑक्टोबर २०१३. ग्रीसमधल्या फार्साला गावाजवळ रोमा, म्हणजे युरोपात ज्यांना जिप्सी म्हणत आले त्या लोकांची वस्ती आहे, तिथे पोलीस भलत्याच कामासाठी धाड टाकायला गेले आणि त्यांना सोनेरी केसांची एक गोरी, लहान मुलगी दिसली. ज्यांच्या घरात ती होती ते नवराबायको सावळे. डीएनए तपासणीत ती त्यांची नाही हे निघालं आणि मग काय, दोन दिवसांत ती जगभरच्या चॅनेलांवर 'सोनेरी देवदूत' झाली. विस्कटलेल्या दोन वेण्या, मळलेले हात, भेदरलेले डोळे, तोच एक फोटो सकाळ संध्याकाळ. रोमा लोक पोरं पळवतात हा युरोपातला फार जुना समज आहे, आजी नातवाला घाबरवायला सांगते त्या जातीचा, आणि आता त्याला पुरावाच मिळाला अशा थाटात सगळे बोलत होते. मग काही दिवसांत खरी आई सापडली, बल्गेरियात. तीसुद्धा रोमाच. गरिबीपोटी मूल तिथे ठेवून आले म्हणाली. म्हणजे गोरी पोरगी रोमाची असू शकते एवढी साधी शक्यता, पण ती ना पोलिसांच्या डोक्यात आली ना बातमी देणाऱ्यांच्या.

इथेच थांबलं असतं तरी ठीक. पण ही बातमी गाजत असतानाच आयर्लंडमध्ये दोन रोमा कुटुंबांतली दोन गोरी मुलं पोलिसांनी उचलून नेली. एक सात वर्षांची मुलगी आणि एक दोन वर्षांचा मुलगा. मुलीच्या बाबतीत तर खबर एका टीव्ही पत्रकाराच्या फेसबुक पानावर आलेल्या निरोपातून पोलिसांपर्यंत गेली होती. आईबाप कागदपत्रं दाखवतायत, आमचीच आहेत म्हणून सांगतायत, ऐकतंय कोण. डीएनए केल्यावर दोन्ही मुलं त्यांचीच निघाली. २०१४ मध्ये चौकशी अहवाल आला, त्यात वंशावरून संशय घेतला गेला हे स्पष्ट म्हटलंय आणि सरकारनं त्या दोन्ही कुटुंबांची माफी मागितली.

मला यातलं सगळ्यात जास्त काय खुपलं सांगू? या सगळ्यात सुरुवातीला कुणीही ठरवून खोटं छापलेलं नव्हतं. मुलगी त्या जोडप्याची नाही हे खरंच होतं. खऱ्या तुकड्याभोवती जे रचलं गेलं ते आधीपासून तयार होतं, फक्त नवीन फोटो त्यात बसवायचा होता. आपण ज्याला साचा म्हणतो त्याचा इंग्रजी शब्द, स्टिरिओटाइप, मुळात छापखान्यातलाच आहे, जुळवलेल्या खिळ्यांवरून पूर्ण पानाचा एकच धातूचा ठोकळा ओतायचे म्हणजे दर वेळी खिळे जुळवायची कटकट नको, त्याच ठोकळ्यावरून हव्या तितक्या प्रती काढा. १९२२ मध्ये वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकारानं तो शब्द माणसांबद्दलच्या तयार कल्पनांना लावला. मला तर वाटतं याहून नेमका शब्द मिळणार नाही, कारण खिळे पुन्हा जुळवायचे कष्ट कुणाला नकोत, मुद्दा तोच आहे.

तर माझा प्रश्न एवढाच, की एखादी घटना कधी एका माणसाची राहते आणि कधी त्याच्या अख्ख्या समाजाची होते, हे कोण ठरवतं आणि कसं?


शाईचा डाग:

धागा आवडला आणि लागलाही. मी काही वर्षं वर्तमानपत्रात डेस्कवर होतो, त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर मी देऊ शकतो आणि ते फार साधं आहे.

रात्रीचे साडेदहा वाजलेत, पान सोडायला पाऊण तास आहे. पोलिसांची प्रेसनोट येते, त्यात पाच आरोपींची नावं. दोन कॉलमचं हेडिंग करायचंय, चार शब्द बसतात. नाव टाकलं तर वाचणारा विचारतो हा कोण, कारण ते कुणाला माहीतच नसतं. समाजाचं नाव टाकलं की वाचणाऱ्याला लगेच 'कळतं'. म्हणजे खरं तर काहीच कळत नाही, पण कळल्यासारखं वाटतं आणि हेडिंग 'चालतं'. पाच आरोपी ज्या समाजाबद्दल आधीपासून बोललं जातं त्यातले असतील तर 'अमुक टोळी' असं हेडिंग हाताला आपोआप सुचतं, मला सुचायचं, मी केलेली आहेत तशी हेडिंगं आणि तेव्हा एकदाही मनात आलं नाही की आपण काही वाईट करतोय. तेच पाचजण माझ्याच समाजाचे असले तर हेडिंग व्हायचं 'घरफोडी करणारे पाच जण अटकेत'. ते मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि कुणी अडवलंही नव्हतं.

द्वेष करणारी माणसं डेस्कवर असतात का, असतात, पण थोडी. बाकीचे आम्ही घाईत होतो.


दुसरी बाजू:

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. समाजाचं नाव घेऊच नये असं म्हणणं सोपं आहे, पण त्याचंही एक बिल येतं. जर्मनीत कलोनला २०१५ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री रेल्वे स्टेशनच्या आवारात कितीतरी बायकांवर हात टाकले गेले, लुटलं गेलं. पोलिसांनी सकाळी कळवलं की रात्र शांततेत पार पडली. मोठ्या माध्यमांत बातमी यायला काही दिवस लागले, तिथल्या झेडडीएफ या सार्वजनिक वाहिनीला तर संध्याकाळच्या बातम्यांत हे न घेतल्याबद्दल चूक कबूल करावी लागली. संशयितांत उत्तर आफ्रिकेतून आलेले, आश्रयाला आलेले लोक बरेच होते. लोकांना वाटलं, आमच्यापासून लपवतायत. आणि एकदा असं वाटलं ना की मग माणूस वर्तमानपत्र सोडून भलत्याच ठिकाणी जातो जिथे शंभर पट विखारी माल मिळतो.

म्हणून गाळा गाळा करून साचा मोडत नाही, उलट मजबूत होतो असं माझं प्रामाणिक मत आहे.


कोरी पाटी:

@दुसरी बाजू, राग कसला, हा मुद्दा यायलाच हवा होता. त्या बायकांवर जे झालं ते झालं, आणि ते दाबणं म्हणजे त्यांच्यावर दुसरा अन्याय, यात दुमत नाही.

पण त्यानंतर जर्मनीत काय झालं तेही बघा. तिथल्या प्रेस कौन्सिलच्या नियमात आधी होतं की गुन्ह्याशी थेट संबंध असेल तरच वंश धर्म लिहा, २०१७ मध्ये ते बदलून सार्वजनिक हिताचं सयुक्तिक कारण असेल तर लिहा असं केलं. आणि त्याच्या आधीच, २०१६ मध्ये, ड्रेस्डेनच्या सेक्सिशे त्साइटुंग या दैनिकानं वेगळाच मार्ग काढला. त्यांनी ठरवलं की आरोपी कुठला आहे हे आपण दर वेळी लिहायचं. जर्मन असला तरी लिहायचं, जर्मन म्हणून. त्यामागचा विचार असा की नाव गाळलं की वाचणारा मनातल्या मनात परदेशीच धरतो, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो जर्मनच असतो.

मला हे पटतं. सगळ्यांचं लिहा नाहीतर कुणाचंच लिहू नका. निवडून लिहिण्यातच सगळी मेख आहे.


निशाचर:

निवडीवरून एक आकडा. अमेरिकेत २००६ ते २०१५ या काळात झालेल्या दहशतवादी हल्ल्यांच्या बातम्या मोजणारा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. किती माणसं मेली, लक्ष्य काय होतं, अटक झाली की नाही हे सगळं लक्षात घेऊनही, हल्लेखोर मुस्लिम असला तर सरासरी ३५७ टक्के जास्त बातम्या. साडेतीन पट जास्त, म्हणजे एकूण साडेचार पट झाल्या. आता घरात बसून टीव्ही बघणाऱ्या माणसानं जगाचा अंदाज कशावरून बांधायचा? त्याच्या समोर जे येतं त्यावरूनच ना. बरं त्यातली एकही बातमी खोटी असायची गरज नाही, हे कोरी पाटी म्हणतायत तेच.

आणि बातमी हातात नसते तेव्हा तर साचाच बातमी होतो. १९ एप्रिल १९९५ ला ओक्लाहोमा सिटीत सरकारी इमारत उडवली, १६८ माणसं गेली. पहिले दोन दिवस टीव्हीवर तज्ज्ञ मंडळी मध्यपूर्वेकडे बोट दाखवत होती. अरब वंशाचा एक अमेरिकन नागरिक जॉर्डनला घरच्यांना भेटायला निघालेला, त्याला चौकशीसाठी अडवलं, लंडनहून परत पाठवलं. खरा माणूस टिमोथी मॅकव्हे, आखाती युद्धात लढलेला गोरा माजी सैनिक, तो तर स्फोटानंतर दीडेक तासातच गाडीला नंबरप्लेट नाही म्हणून एका साध्या पोलिसाच्या हाती लागला होता. त्यानंतर कुणी माजी सैनिकांकडे संशयानं बघायला लागलं का? अजिबात नाही, आणि बघूही नये. मग तोच न्याय दुसऱ्यांना का नाही?

२२ जुलै २०११ ला नॉर्वेत ७७ जण मारले गेले तेव्हाही तेच. ब्रिटनमधल्या एका मोठ्या दैनिकानं दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर अल कायदाचं नाव ठोकून दिलं होतं. मारणारा निघाला नॉर्वेचाच, इस्लामचा द्वेष्टा. १६ वर्षं मध्ये गेली होती, चूक अक्षरशः तीच.


उंबरठा:

सगळे वाईट दाखवण्याबद्दलच बोलताय, चांगलं दाखवूनही माणूस साच्यात घालता येतो त्याबद्दल लिहिते.

एडवर्ड कर्टिस नावाचा फोटोग्राफर होता, त्यानं उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे हजारो फोटो काढले, १९०७ ते १९३० मध्ये वीस खंड निघाले. माणसाला त्या लोकांबद्दल खरंच प्रेम होतं. त्याचा १९१० चा एक फोटो आहे, पीगन जमातीच्या तंबूत दोन पुरुष बसलेत आणि त्यांच्या मधोमध जमिनीवर एक गजराचं घड्याळ ठेवलंय. छापलेल्या प्रतीत ते घड्याळ नाही. खोडून टाकलं. निगेटिव्ह टिकून राहिली म्हणून आपल्याला कळलं.

मी तो मूळ फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा कितीतरी वेळ त्या घड्याळाकडेच बघत बसले. इतकं साधं, घरगुती. त्या माणसांना सकाळी वेळेवर उठायचं होतं, इतरांसारखंच. पण वाचकांना हवे होते काळाच्या बाहेरचे, आता लवकरच संपून जाणारे उदात्त लोक, आणि घड्याळ असलं की ते आपल्याच काळात येऊन बसतात. म्हणून घड्याळ गेलं. अपमान करायचा हेतू अजिबात नव्हता, उलट आदरच होता, आणि त्या आदरापायी त्यांचा वर्तमानकाळ काढून घेतला.

तसंच ते 'आदर्श अल्पसंख्य' प्रकरण. १९६६ मध्ये अमेरिकेत जपानी वंशाच्या लोकांचं कौतुक करणारा लेख गाजला, कष्टाळू, शिस्तीचे, तक्रार न करणारे. ऐकायला गोड. पण त्या कौतुकाची दुसरी धार होती की बघा, हे पुढे गेले, मग बाकीचे का रडतात. आणि त्या समाजातलं जे पोर अभ्यासात मागे असेल किंवा ज्या घरात खायचे वांधे असतील ते कुणाला दिसेनासंच होतं.


रानवारा:

उंबरठा, घड्याळाचं वाचून अंगावर काटा आला.

मी सिनेमाबद्दल लिहिते. अॅना मे वाँग ही चिनी वंशाची अमेरिकन नटी, लॉस एंजेलिसला जन्मलेली. १९३७ मध्ये चिनी शेतकरी कुटुंबावर मोठा चित्रपट आला, नायिका चिनी बाई. हे काम तिला मिळायला हवं असं कुणालाही वाटेल. पण नायकाचं काम गोऱ्या नटाला चिनी मेकअप करून दिलं होतं आणि हॉलिवूडच्या तेव्हाच्या आचारसंहितेत गोरे आणि इतर वंशाचे यांच्यातले संबंध दाखवायला बंदी होती, म्हणजे खोट्या चिन्याची बायको खरी चिनी असून चालणार नाही! नायिका झाली लुईझ रायनर, गोरी, आणि तिला त्या कामाचं ऑस्करही मिळालं. वाँगला कुळबुडव्या बाईचं दुय्यम काम देऊ केलं, तिनं ते नाकारलं.

हॅटी मॅकडॅनियलचंही तेच. १९४० मध्ये ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती, आणि त्या रात्री तिला सहकलाकारांपासून लांब, भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. बक्षीस कशाबद्दल, तर मोलकरणीच्या भूमिकेबद्दल. तिच्यावर तिच्याच लोकांतून टीकाही झाली की असली कामं घेतेस कशाला. पण दुसरी कामं होती कुठे? साचा ज्यांनी केला ते निवांत, आणि त्यात उभं राहून पोट भरणारीला जाब विचारला गेला, याचा मला फार राग येतो.

आणि लहान मुलांच्या कार्टूनमध्येही बघा, १९९२ च्या एका गाजलेल्या चित्रपटात सुरुवातीच्याच गाण्यात अरब देशाबद्दल ओळ होती की तिथे तुमचा चेहरा आवडला नाही तर कान कापतात. अरब अमेरिकन संघटनेनं आवाज उठवल्यावर १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत कान कापण्याची ओळ बदलली, पण तो प्रदेश रानटी आहे असं म्हणणारा शब्द तसाच ठेवला. पाच वर्षांचं मूल ते गाणं पाठ करतं आणि नाचतं. त्याला कुणी द्वेष शिकवत नाही, फक्त चाल लक्षात राहते.


दुसरी बाजू:

रानवारा, सिनेमाचं मान्य. बातमीच्या बाबतीत मात्र लोक कधी कधी फार पटकन निष्कर्ष काढतात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात कतरिना वादळाच्या वेळी काढलेले दोन फोटो इंटरनेटवर शेजारी शेजारी फिरले होते. दोन्हीत छातीभर पाणी, हातात दुकानातल्या वस्तू. काळ्या मुलाच्या फोटोखाली लिहिलेलं दुकान 'लुटून', गोऱ्या जोडप्याच्या फोटोखाली वस्तू 'सापडल्यावर'. सगळ्यांनी वर्णद्वेष म्हणून शिक्का मारला. पण ते फोटो दोन वेगळ्या संस्थांचे, दोन वेगळ्या फोटोग्राफरचे. पहिल्याचं म्हणणं, मी त्याला दुकानात शिरून वस्तू घेताना बघितलं. दुसऱ्याचं म्हणणं, वस्तू दुकानातून वाहून बाहेर तरंगत आल्या होत्या. मग?


शाईचा डाग:

मग दोघंही खरं बोलत असतील, मी धरून चालतो. डेस्कवाला म्हणून माझा अडकायचा मुद्दा पुढचा आहे. त्याच शहरात त्या दिवसांत स्टेडियममध्ये बलात्कार, खून, बालकांचे गळे कापले असल्या अफवा बातम्या म्हणून जगभर गेल्या, आत अडकलेले बहुतेक काळे, गरीब. महिनाभरानं तिथल्याच वर्तमानपत्रानं शोध घेतला तर त्यातल्या बहुतेक गोष्टींना काही आधारच सापडला नाही. ऐकीव माहिती एरवी आम्ही दोनदा तपासतो. तपासणं कधी सोडून देतो, तर जे ऐकलं ते आधीच 'माहीत असलेल्या'शी जुळतं तेव्हा. दोन फोटोंचं सोडा, पण ही गोष्ट मला त्या ओळींपेक्षा जास्त भयंकर वाटते.


निशाचर:

आपल्याकडचंही टाळायला नको. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, मूल पाळण्यात असतानाच गुन्हेगार. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. बातम्यांची भाषा मात्र कुणी रद्द केली नाही, आजही काही जमातींचं नाव आणि 'टोळी' हे शब्द जोडीनंच येतात. आणि २०२० मध्ये तबलिगी जमातीच्या परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द करताना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं म्हटलं की छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत यांच्याविरुद्ध मोठा प्रचार झाला, आणि यांना बळीचा बकरा केलेलं दिसतं. तोवर महिने गेले होते, आणि ज्यांनी रात्रंदिवस ते चालवलं त्यांच्याकडे तेवढाच वेळ हा निकाल चालला नाही.

याचं टोक कुठे जातं ते रवांडात दिसलं. आरटीएलएम रेडिओ १९९३ मध्ये सुरू झाला, मस्त गाणी, विनोद, तरुणांना आवडेल असा. त्यात मधूनमधून तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजासाठी एक शब्द, झुरळं. १९९४ मध्ये शंभरेक दिवसांत लाखो माणसं मारली गेली, आणि हा रेडिओ कोण कुठे लपलंय ते सांगत होता. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं माध्यमवाल्यांना दोषी ठरवलं, अपिलात काही आरोप गळाले, शिक्षा कमी झाल्या, पण दोष राहिला.

त्याच देशात २००४ मध्ये एक रेडिओ मालिका सुरू झाली, मुसेकेवेया, शेजारशेजारच्या दोन काल्पनिक गावांचं भांडण आणि त्यातून वाट काढणारी माणसं. एका संशोधिकेनं वर्षभर काही गावांत ती ऐकवून अभ्यास केला, २००९ मध्ये छापला. लोकांची मनातली मतं फारशी बदलली नाहीत. बदललं काय, तर बाकीचे लोक काय योग्य मानतात याचा त्यांचा अंदाज, आणि त्याबरोबर वागणं. परक्यांशी लग्न जमवायला हरकत नाही, वेगळं मत उघड बोलावं, असं. मला यात फार धीर वाटतो. मनं पालटायची वाट बघत बसायला नको, इथे काय चालतं आणि काय खपवून घेतलं जात नाही एवढं जरी माध्यमांनी बदललं तरी माणसं वेगळी वागायला लागतात.


कोरी पाटी:

निशाचर, हे शेवटचं माहीत नव्हतं, मनापासून आभार. @शाईचा डाग, एक विचारायचं होतं, चूक कळल्यावर आत काय होतं? दुरुस्ती देतात ना?


शाईचा डाग:

देतात. एकदाचं सांगतो, हे कुठेच लिहिलं नव्हतं.

चोरीची बातमी होती, हेडिंगमध्ये समाजाचं नाव मी टाकलं होतं. आठवड्यानं कळलं की पकडलेले दोघं त्या समाजाचे नव्हतेच, पोलिसांच्या नोटेतला तपशील चुकीचा होता. तोवर एक गृहस्थ ऑफिसात आले. पन्नाशीचे असतील, इस्त्रीचा शर्ट, हातात ते पान चौघडी घालून. आवाज चढवला नाही. म्हणाले, त्या दिवसापासून माझ्या मुलीच्या शेजारी वर्गात कुणी दप्तर ठेवत नाही. मी म्हटलं, साहेब, दुरुस्ती छापू. तर म्हणाले, छापा, फक्त त्याच पानावर आणि त्याच आकारात छापा, तिला वर्गात नेऊन दाखवायचंय.

मी वर विचारलं, माझ्यापरीनं भांडलो. आतल्या पानावर तळाला दोन ओळी आल्या, 'अनवधानाने' या शब्दासकट. दुसऱ्या दिवशी ते अंक घ्यायला स्वतः आले होते, मी पान उघडून त्या ओळींवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मग विचारलं, हे पोरांना दिसेल का हो?